हवालदारांचा निळा ठिपका

मी काय काम करते असं कुणी विचारलं की मी हल्ली सरळ सांगते, जमिनीला कान लावायचं. पूर्वी मी ‘संरक्षण उपकरणं’ वगैरे म्हणायचे, तर आमच्या विरारच्या सोसायटीतल्या बायका डोळे मोठे करून विचारायच्या, "बॉम्ब बनवता?" एकीने तर आपल्या मुलाला आमच्याकडे खेळायला पाठवणंच बंद केलं. बॉम्ब कसले, कपाळ! वसई पूर्वेला कारखान्यांच्या वसाहतीत आमचा एक गाळा आहे. डावीकडच्या गाळ्यात बिस्किटांचे पुठ्ठे बनतात, उजवीकडे नळाच्या तोट्या, आणि मधे आम्ही. आम्ही बनवतो ती वस्तू दिसायला जेवणाच्या डब्याएवढी. ती मातीत पुरायची. वरून कुणी चाललं की जमीन अगदी जराशी हलते, आणि ती थरथर ऐकून डबा ओळखतो कोण चाललंय ते.

माणूस असला तर निळा ठिपका, जनावर असलं तर पिवळा, गाडी असली तर लाल. हे ठिपके मागे कमांड पोस्टवर बसलेल्या अधिकाऱ्याच्या पडद्यावर, नकाशावर उमटतात आणि ते बघून तो ठरवतो की कुठे माणसं पाठवायची. आता सरहद्दीवर गाई फिरतात, कोल्हे फिरतात, रानडुकरं फिरतात. सगळ्यांचे ठिपके दाखवले तर तो बिचारा वेडा होईल. म्हणून पिवळे ठिपके त्याच्यापर्यंत जातच नाहीत, मधेच गाळले जातात. ते फक्त आमच्या, म्हणजे यंत्र तपासणाऱ्यांच्या पडद्यावर दिसतात. हे जरा लक्षात ठेवा, कारण पुढची माझी सगळी भांडणं याच्यावरूनच झाली.

यंत्राला आधी शिकवावं लागतं. लहान पोराला चिऊ-काऊ शिकवतात तसं, हा बघ माणूस, ही बघ शेळी. त्यासाठी माती हवी आणि शांतता हवी. आमच्या गाळ्याच्या आसपास कुठली शांतता? बाजूला कॉम्प्रेसर, समोर ट्रक, मागे रेल्वे. डबा दिवसभर लाल ठिपके ओकत बसायचा. शेवटी मी आमच्या सरांना म्हटलं, "माझ्या माहेरच्या वाडीत करूया. काकी नाही म्हणायची नाही." सर म्हणजे गाळ्याचे मालक. चांगली नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग मांडला. भला माणूस, पण भित्रा. शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी कायम पित्ताच्या गोळ्यांची पट्टी.

माझं माहेर वसई पश्चिमेला. आजूबाजूच्या वाड्या विकल्या गेल्या, तिथे इमारती उठल्या, पण आमच्या काकीने आपली वाडी राखली आहे. केळी, नारळ, सोनचाफा आणि मधोमध पानवेलीचा, म्हणजे विड्याच्या पानांचा, मांडव. काका गेल्यावरही तिने मांडव मोडू दिला नाही. काकी घरी आमच्या बोलीत बोलते. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर निम्म्यांना कळायची नाही, म्हणून मी तिचं बोलणं थोडं सरळ करून लिहिते. तिला कळलं तर ती मला सरळ करेल, ते वेगळं.

डबे पुरायला जागा दाखवली तीही तिनेच. पानवेलीतली. माती भुसभुशीत, रोज पाणी पाजलेली, आणि आत वाऱ्याचासुद्धा त्रास नाही. पानवेलीत आमच्याकडे चपला घालून कुणी जात नाही. पानवेल म्हणजे देवघर. फाटकाशी चपला काढायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं. हे आम्हाला कुणी शिकवलेलं आठवत नाही. जेवताना डावा हात मधे घालायचा नाही हे जसं अंगात असतं तसंच हे.

आमच्याबरोबर हवालदार होते. लष्करातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, नालासोपाऱ्याला मुलीकडे राहणारे. लष्कराची रीतभात कळणारा एक तरी माणूस हवा म्हणून सरांनी त्यांना घेतलं होतं. सगळे त्यांना हवालदारच म्हणायचे. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, सुरुंगात गेला होता. तिथे रबरी पाय. चालताना तो जरा मागे राहायचा, मग फरफटत पुढे यायचा आणि धप्पकन टेकायचा.

पहिल्या दिवशी फाटकाशी आम्ही सगळ्यांनी चपला काढल्या. हवालदारांनीही आपले कॅनव्हासचे बूट काढून शेजारी शेजारी, टाचा जुळवून ठेवले. पँटखालून तो रबरी पाय दिसायला लागला. ते तिथेच थांबले. काकीकडे बघून म्हणाले, "काकी, ह्यो बी निघंल. पर मग मला लंगडी घालत यावं लागंल."

काकीने त्या पायाकडे वाकून बघितलं. सर माझ्याकडे बघायला लागले. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, कारण काकीचा काही नेम नसतो. ती म्हणाली, "तो तुमचा पाय ना?"

"व्हय."

"मग पाय कोण बाहेर काढून ठेवतो? या आत. पाटात पाणी आहे, जपून या."

झालं, विषय संपला. रबर आहे की हाड आहे याचा काकीने पुन्हा विचारही केला नाही.

मग आमची शाळा सुरू झाली. आमच्या आळीतली माणसं झाडून सगळी आली. कुणी हौसेने, कुणी नुसतं बघायला, आणि बरीचशी काकीच्या हातच्या चहासाठी. आत्या नऊवारी सावरत चालली. शेजारच्या काकांनी डोक्यावर केळीचा घड घेऊन चालून दाखवलं. फाटकाशी लग्नघरासारखा चपलांचा ढीग पडायचा. एकाची शेळी आणली, एकाची म्हैस आणली. म्हशीला पानवेलीत सोडायला काकी तयार नव्हती, तिला कडेकडेनं फिरवलं. मी मांडवाच्या टोकाला आंब्याखाली टेबल टाकून पडद्यासमोर बसायचे. कान धरून शिकवावं तसं शिकवत गेलो आणि यंत्र शहाणं होत गेलं. आत्या, निळा. म्हैस, पिवळा. शेजारचे काका घडासकट निळे. सरांच्या गोळ्या कमी झाल्या.

हवालदार चालायला मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचे. तिथून पडदा दिसत नाही, म्हणून एक फेरी मारून झाली की ते मोबाइलवर विचारायचे, "काय म्हंतंय?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी पडद्याकडे बघितलं, आणि मला सांगवेना. ठिपका पिवळा होता.

"जनावर म्हणतंय, हवालदार."

ते मोठ्याने हसले. "आमची मंडळीबी त्येच म्हनायची," म्हणाले. मांडवातली सगळी माणसं हसली. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी परत पिवळा. तिसऱ्या दिवशीही. यंत्राच्या बाजूने बघितलं तर त्याचं चुकत नव्हतं. माणसाची चाल म्हणजे एक-दोन, एक-दोन. हवालदारांची चाल एक, मग फरफट, मग धप्प. शेळीही अशीच मधेमधे रेंगाळत चालते. हे मला कळत होतं, तरी डब्याला उचलून विहिरीत टाकावंसं वाटायचं. एवढी माझी शिकवणी, आणि या कार्ट्याला समोरचा माणूस ओळखू येऊ नये! हवालदार मात्र रोज फेरी मारायचे, रोज विचारायचे, "काय म्हंतंय?" आणि मी रोज तेच उत्तर द्यायचे. "चालतंय, परत जातो," म्हणायचे आणि परत जायचे. पण हळूहळू त्यांचं हसणं थांबलं.

एका दुपारी ते येऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. "ताई, एक इचारू? ह्यो पिवळा ठिपका वर सायबाला दिसतो का?"

"नाही. गाळला जातो."

"म्हंजी कुनी बघायला जात न्हाई."

"नाही जात."

ते विहिरीच्या कठड्यावर बसले. काकीने चहा आणून दिला, तो हातात तसाच धरून ठेवला. मग त्यांनी सांगितलं. पायाबद्दल ते कधी बोलत नसत, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

"त्या दिसी सकाळी धुकं हुतं. हात लांब केला तर बोटं दिसंनात. आमी दोघं हुतो. सुरुंग फुटला, जोडीदार जाग्यावरच गेला. मी रायफल टेकत, पाय वढत, मधीच सरपटत चौकीकडं निघालो. हाक माराया तोंडातनं आवाज निघंना. चौकीच्या खाली वढ्यात येऊन पडलो. वर पहाऱ्यावर दोन पोरं हुती. त्यास्नी कायतरी फरफटल्याचा आवाज आला. एक म्हनला, गाय आसंल, सोड. दुसरा म्हनला, गाय तर गाय, बघून तर येतो." हवालदारांनी चहाचा घोट घेतला. "त्यो आला म्हनून मी हाय. न्हाईतर काकीच्या हातचा च्या कुठला पितोय."

काकी पदराला हात पुसत उभी होती.  ती आत गेली आणि बशीत नारळाची वडी घेऊन आली.

"मी काय आता परत लडाईवर जात न्हाई, ताई," हवालदार म्हणाले. "मला जनावर म्हनलं तर म्हनू दे. पर पुढं कुनी पोरगं आसंच पाय वढत येनार. पहाऱ्यावर पोराच्या जागी ह्यो डबा आसंल. ह्येनं गाय म्हनून सोडलं, तर?"

 मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. त्या रागातच मी तशीच उठून गाळ्यावर गेले आणि सरांना गाठलं.

लष्कराची चाचणी तोंडावर आली होती. मी म्हटलं, हवालदारांची चाल ‘माणूस’ म्हणून यंत्राला शिकवायची. सर म्हणाले, करून बघितलंय. ती घातली की यंत्र गोंधळतं, एखादी शेळीही निळी दाखवतं. चाचणीत शेळी निळी दिसली तर आपलं काम संपलं. "त्यांच्या फेऱ्या आत्ता काढून टाक. पास झालो की पुढच्या वेळी घालू."

"सर, काढून टाकायचा तो काय कचरा आहे?"

"अगं, अपवाद आहे तो. एकच माणूस."

"लढाईत लंगडत येणारा माणूस अपवाद? मग लढाईत काय सगळे पळायच्या शर्यतीसारखे येतात? एक शेळी चुकून निळी झाली तर काय होईल, दोन जवान उगाच चालत जातील आणि शेळीला शिव्या घालून परत येतील. आणि माणूस पिवळा झाला तर?"

सर म्हणाले, "ओरडू नकोस, पुठ्ठेवाल्यांना ऐकू जातंय."

"जाऊ दे ऐकू!"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला एकदम त्यांची दया आली. त्या गाळ्यात त्यांचं सगळं होतं, आणि आमच्या सगळ्यांची घरंही त्यावर चालत होती. ते वाईट नव्हते, त्यांना भीती वाटत होती. शेवटी म्हणाले, "कर तुला काय करायचं ते. बुडालो तर तुझ्यामुळे बुडालो असं सांगत फिरेन गावभर."

"सांगा की."

शिकवून व्हायला चाचणीची सकाळ उजाडली. वाडीत नेऊन तपासायला वेळच नव्हता. हवालदारांनाही मी काही बोलले नाही. खोटी आशा कशाला लावायची?

चाचणी मिठागरांच्या पलीकडच्या मोकळ्या माळावर होती. कर्नलसाहेब आले, बरोबर मोजके जवान. साहेब हिंदी बोलायचे, कमी बोलायचे. त्यांच्यासमोर कमांडचा पडदा मांडला, नकाशासकट. आमचा तपासणीचा पडदा शेजारी. सरांनी हवालदारांना चहापाण्याच्या टेबलाशी बसवलं आणि हळूच सांगितलं, "तुम्ही आज चालायचं नाही." हवालदार "जी" म्हणाले आणि ताठ बसून राहिले.

पहिला जवान चालू लागला. रुबाबदार चाल, एक-दोन, एक-दोन. कर्नलसाहेबांच्या पडद्यावर नकाशा होता आणि नकाशावर काहीच नव्हतं. मी आमच्या पडद्यावर बघितलं. पिवळा. दुसरा जवान निघाला. पिवळा. मग आणखी दोघं बरोबर निघाले. दोन पिवळे. समोर उघड्या माळावर चार चांगले धडधाकट जवान उन्हात चालताना दिसत होते आणि साहेबांच्या नकाशावर चिटपाखरू नव्हतं.

कर्नलसाहेबांनी शांतपणे विचारलं, "मेरे जवान कहाँ गए?"

सरांनी एक गोळी तोंडात टाकली. मग म्हणाले, माती वेगळी आहे साहेब, आम्ही भुसभुशीत मातीत शिकवलं, इथे खारी चिकणमाती आहे. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मला वाटलं, हे माझ्याच हट्टाने झालं. हवालदारांची चाल घातली आणि यंत्राचं डोकं फिरलं. गावभर सांगत फिरायची पाळी खरंच आली म्हणायची.

आमचे उतरलेले चेहरे बघून हवालदार खुर्चीतून उठले. कुणाला न विचारता माळावर चालत गेले. एक, फरफट, धप्प. सर त्यांना हाक मारणार तेवढ्यात माझा मोबाइल वाजला.

"काय म्हंतंय?"

मी पडद्याकडे बघितलं. मग कर्नलसाहेबांच्या पडद्याकडे बघितलं, कारण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. तिथेही होता. त्या अख्ख्या रिकाम्या नकाशावर एकच ठिपका, आणि तो निळा.

"माणूस म्हणतंय, हवालदार."

 दूर माळावर ते थांबलेले दिसले. मग म्हणाले, "परत सांगा."

"माणूस! माणूस म्हणतंय!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की जवान वळून बघायला लागले. आमची चाचणी बुडत होती, सर कपाळाला हात लावून उभे होते, आणि मला मात्र त्या माळावर फुगडी घालावीशी वाटत होती. इतका आनंद मला माझ्या पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

कर्नलसाहेब म्हणाले, "माझे सगळे जवान जनावरं आणि हे एकटे माणूस? का?" त्यांचं हिंदी मी इथे मराठीत सांगते.

का, ते मलाही कळत नव्हतं. मी परत येणाऱ्या हवालदारांकडे बघत होते. त्यांचे कॅनव्हासचे बूट, मग रांगेत उभे असलेले जवानांचे जाड तळाचे बूट. आणि एकदम माझ्या डोळ्यांपुढे आला तो आमच्या वाडीच्या फाटकाशी पडलेला चपलांचा ढीग.

"बूट काढा!" मी पुढच्या जवानाला म्हटलं. तो बिचारा साहेबांकडे बघायला लागला. "अहो काढा, मोजेही काढा, आणि चाला." साहेबांनी मान हलवली. जवान अनवाणी निघाला, खडे टोचत होते म्हणून तोंड वाकडं करत. चार पावलं टाकली आणि नकाशावर ठिपका उमटला. निळा.

मग मला सगळं सांगावं लागलं. पानवेल, देवघर, फाटक, काकी. इतके दिवस आम्ही सगळ्या गावाला अनवाणी चालवलं होतं. मी इंजिनिअर, सर इंजिनिअर, आणि दोघांच्याही डोक्यात एकदाही आलं नाही की सैनिक बूट घालतो! सर तर बाहेरचे होते, पण पहिल्या दिवशी काकीने डोळे वटारल्यावर तेही पक्के वाडीतले होऊन गेले होते. बूट घालून सरळ चालणारा माणूस यंत्राने जन्मात ऐकला नव्हता. त्याने ऐकलेला एकुलता एक बूट म्हणजे हवालदारांचा तो रबरी पाय, जो काकीने काढायला लावला नाही.

कर्नलसाहेब हसले. आधी गालात, मग खुर्चीचा हात धरून. "म्हणजे शत्रू अनवाणी आला तर आमची काळजी मिटली," म्हणाले. जवानही हसले. सर हसावं की रडावं या विचारात होते. मग साहेबांनी हवालदारांकडे बघून विचारलं की यांची चाल मुद्दाम घातली होती का. सर मला डोळ्यांनी गप्प बस म्हणत होते, पण गप्प बसणारी असते तर काय! मी सगळं सांगितलं. धुकं, ओढा, गाय, पहाऱ्यावरचा तो दुसरा मुलगा. 

 निघताना साहेबांनी हवालदारांशी हात मिळवला आणि सरांना म्हणाले, "बूट घालून शिकवा आणि परत बोलवा. पुढच्या वेळी लंगडणारा जवान सगळ्यात आधी चालेल. त्याला ओळखलं, तर बाकीचं बघू."

तर आता बूट घालून वाडीत शिरायचं होतं. मी काकीसमोर विषय काढला.

"पानवेलीत बूट? मी मेल्यावर." म्हणजे नाहीच. तासाभराने मात्र स्वतःच म्हणाली, "पलीकडे केळीत घाला काय तो धिंगाणा. एक जरी केळ मोडली तर मी तुझ्या सरांना खुंटाला बांधेन." मग कुठून कुठून बूट गोळा केले. कुणाचे रखवालदारीचे, कुणाचे एनसीसीचे. आत्या नऊवारी नेसून काळे लष्करी बूट घालून केळीतून अशी दणदणत गेली की काकी पोट धरून हसली. हवालदार त्या सगळ्या पलटणीला ‘बाएं-दाएं’ करायला लावायचे. पाय ओढत कसं चालायचं तेही त्यांनीच शिकवलं. कधी काठी टेकत, कधी दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून. ते शिकवताना मात्र ते मस्करी करत नसत. कुणी हसलं की म्हणायचे, "परत करा."

दुसरी चाचणी त्याच माळावर झाली. या वेळी काकीही आली, टोपलीभर केळी आणि डबाभर वड्या घेऊन. कर्नलसाहेबांनी हवालदारांना आपल्या शेजारी, कमांडच्या पडद्यासमोर बसवलं. इतके महिने चालूनही त्यांनी तो पडदा कधी जवळून बघितला नव्हता.

एका जवानाच्या पायाला फळी बांधली होती. तो मिठागराच्या बांधाआडून निघणार होता, आम्हाला दिसणार नव्हता. आम्ही वाट बघत बसलो. सरांनी गोळी काढली आणि परत खिशात ठेवली. मग नकाशाच्या कडेला ठिपका उमटला. निळा.

"ह्यो मानूस का?" हवालदारांनी पडद्याला बोट लावून विचारलं.

"हो. तोच."

ठिपका हळूहळू सरकत होता. थांबत होता, पुन्हा सरकत होता. हवालदार पुढे झुकले होते, त्यांचं बोट ठिपक्याबरोबर काचेवरून सरकत होतं. आम्ही सगळे मनात आनंदलो होतो, सरांनी तर काकीला हात जोडले. आणि बांधाच्या अलीकडे येऊन ठिपका थांबला. पावलं थांबली की यंत्राला ऐकू येत नाही. ठिपका फिकट झाला आणि विझला.

फळीची दोरी सुटली म्हणून तो जवान खाली बसून ती बांधत होता. हे आम्हाला मागाहून कळलं.

हवालदार उठून उभे राहिले.

"बसा हवालदार," सर म्हणाले, "चाचणी चालू आहे, येईल तो."

हवालदारांना ते ऐकूच गेलं नसावं. त्यांचे डोळे बांधाकडे होते. "बघून तर येतो," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. एक, फरफट, धप्प. भराभर, त्या पायाला झेपेल त्याहून भराभर. एक जवान त्यांना थांबवायला पुढे झाला, तर कर्नलसाहेबांनी हात वर केला. "जाने दो."

काकीने माझा दंड धरला. आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. इकडच्या बाजूने एक निळा ठिपका निघाला आणि सरळ तिकडे गेला जिथे पहिला विझला होता. तिथे जाऊन तोही विझला.  मग त्याच जागी दोन ठिपके उमटले, एकमेकांना चिकटून, आणि आमच्याकडे यायला लागले. दोन्ही लंगडत होते. दोन्ही निळे होते.